नॉर्टन सेंट फिलिपचं जॉर्ज इन: लाकडी प्रतिकृतीच्या नोंदी

१२ जानेवारी

प्रमाण ठरलं: १:५०. १:१०० ला लाकडाचे सांधे दिसणार नाहीत, आणि १:२० ला घेतलं तर घरात जेवायचं टेबल उरणार नाही. ३० सेंटिमीटर जाडीचा खांब म्हणजे ६ मिलिमीटरची काडी. तेवढ्यात कुसू, म्हणजे खाचेत बसणारी लाकडाची जीभ, कोरता येतं, चष्मा लावून का होईना.

वास्तूही ठरली आहे: सॉमरसेटमधल्या नॉर्टन सेंट फिलिप गावातलं जॉर्ज इन. बाथपासून दक्षिणेला दहाएक किलोमीटरवर. संरक्षित इमारतींच्या यादीत पहिल्या श्रेणीत. इंग्लंडमध्ये यादीतल्या इमारती लाखांनी आहेत, पण पहिल्या श्रेणीत शंभरातल्या अडीचच येतात. बहुतेक चर्च आणि मोठे वाडे. खेड्यातली मद्य मिळणारी आणि मुक्कामाची जागा त्या रांगेत बसते, यातच तिचं बांधकाम काय तोलामोलाचं आहे ते आलं.

घरच्यांचा प्रश्न: "कॅथीड्रल सोडून दारूचा गुत्ता कशाला?" गुत्ता नाही हो. त्या काळात एल, म्हणजे घरगुती बिअर, विकणारं घर वेगळं, वाइन विकणारं टॅव्हर्न वेगळं आणि इन वेगळं. इनमध्ये माणसाला खोली आणि घोड्याला पागा मिळायची. सराईच म्हणा, फक्त फुकट नाही.

१९ जानेवारी

आधी मालक कोण ते समजून घेतलं, कारण पैसा कुणाचा हे कळलं की भिंत दगडाची का ते कळतं.

जवळच हिंटन चार्टरहाउस. सॅलिस्बरीची काउंटेस एला हिने १२३२ मध्ये तिथे कार्थुझियन पंथाचा मठ वसवला. या पंथाचे साधू म्हणजे मौनाची परिसीमा. प्रत्येकाची स्वतंत्र कोठडी, मागे स्वतःची बाग. अशा मठाने दोन-तीन किलोमीटरवरच्या गावात लोकरीच्या जत्रा भरवल्या आणि व्यापाऱ्यांना उतरायला हे इन बांधलं. गोंगाट त्या गावात आणि उत्पन्न इकडे. मला ही व्यवस्था फार आवडली. नॉर्टनच्या जत्रा तेराव्या शतकाच्या अखेरीला सुरू झाल्या आणि १९०२ पर्यंत चालल्या.

सॉमरसेटच्या या बाजूची मेंढरं, लोकर आणि पुढे विणलेलं जाड कापड यांवर गावंच्या गावं श्रीमंत झाली होती. म्हणून जॉर्ज इन म्हणजे मुक्कामाची जागा आणि वखार दोन्ही. मूळ इमारत चौदाव्या-पंधराव्या शतकातली. आज समोरून जे लाकडी दोन मजले दिसतात ते नंतर चढवलेले. १५३९ मध्ये आठव्या हेन्रीच्या मठबंदीत हिंटनचा मठ गेला, साधू गेले. इन राहिलं.

२ फेब्रुवारी

प्रत्यक्ष भेट. हवा नेहमीसारखी पाणचट. त्यामुळे दगड ओला होता आणि त्याचा खरा रंग दिसला: मधाकडे झुकणारा करडा.

समोरच्या बाजूचं वाचन असं. तळमजला अख्खा दगडी, मध्ये कमान. त्यावर पहिला लाकडी मजला, तळमजल्याच्या भिंतीपेक्षा पुढे आलेला. त्यावर दुसरा, पहिल्याच्याही पुढे. म्हणजे इमारत वर जाता जाता रस्त्यावर ओणवी होते. पहिल्या मजल्यावर तीन ओरिएल खिडक्या, भिंतीतून पेटीसारख्या बाहेर काढलेल्या. लाकडी चौकटींच्या मधल्या जागा गिलाव्याने भरलेल्या. दोन्ही टोकांच्या भिंती दगडी, वर धुराडी.

पुस्तकांतल्या छायाचित्रांत ही बाजू एकदम सपाट वाटते. कमानीखाली उभं राहून वर पाहिलं की पुढे आलेल्या मजल्याचे सरे, म्हणजे जमीन पेलणारी आडवी लाकडं, दिसतात, टोकं रांगेने. एकही टोक दुसऱ्यासारखं नाही. एकाला मोठी गाठ, एकाला लांब चीर, एक चक्क खाली झुकलेलं. हात लावला. ओक इतका जुना झाला की त्याचे मऊ कण झिजतात आणि रेषा उठून येतात. बोटाला नखाच्या कडेसारख्या लागतात. ही जाणीव १:५० मध्ये येणार नाही. ठीक आहे.

एक गोष्ट मात्र पक्की झाली. लोक रस्त्यावर उभे राहून फोटो काढतात आणि आत जाऊन जेवतात. इमारत इन म्हणून कशी चालायची ते कमानीतून मागे गेल्यावर कळतं. प्रतिकृती मागून उघडणारी करायची. समोरचा चेहरा सगळ्यांनीच पाहिलेला असतो.

८ फेब्रुवारी

अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. माझे थोरले काका, हयातभर वाईत सुतारकाम केलेले, वाड्यांच्या दुरुस्तीतले जाणकार. त्यांना फोटो आधीच पाठवून ठेवले होते.

"ही माडी पुढे का काढलीय गं? पडवीसाठी?"

म्हटलं, "नाही अण्णा, खाली पडवी नाही. रस्ताच आहे."

"मग जागा वाढवायला."

हे बहुतेक सगळे सांगतात, आणि शहरातल्या चिंचोळ्या गल्ल्यांत ते खरंही असेल. पण नॉर्टनमध्ये जागेचा काय तोटा? कागदावर तुळई काढून दाखवली. मजल्याचे सरे पुढून मागे जातात. मध्ये माणसं, सामान, गठ्ठे, म्हणजे सरा मध्ये खाली वाकणार. आता त्याचं टोक भिंतीच्या पुढे अर्धा मीटर काढलं आणि त्या टोकावर वरच्या मजल्याची अख्खी भिंत उभी केली, तर ते वजन टोकाला दाबतं आणि सरा मध्ये उचलला जातो. मजल्याची जमीन कमी थरथरते.

अण्णा थोडा वेळ गप्प. मग: "म्हणजे भिंतीलाच कामाला लावलं. हुशार आहेत." ही त्यांची सर्वोच्च पदवी. मला आजवर मिळालेली नाही.

याशिवाय मिरवण्याचा भाग आहेच. पुढे काढलेला मजला म्हणजे लाकूड जास्त, सुताराची मजुरी जास्त, आणि ते रस्त्यावरून दिसतं. पंधराव्या-सोळाव्या शतकात ही टूम होती. पुढे १६६६ च्या आगीनंतर लंडनला नव्या बांधकामाचे नियम आले, वीट-दगड सक्तीचे झाले आणि शहरातून पुढे झुकलेले लाकडी मजले गेले. खेड्यात ते टिकले, कारण तिथे पाडून नवं बांधण्याइतका पैसा पुन्हा आला नाही. गरिबीने जितक्या वास्तू जपल्या तितक्या कुठल्याही कायद्याने जपल्या नसतील.

१६ फेब्रुवारी

लाकूड. खरी इमारत ओकची, पण ओकचे रेषे जाड. सहा मिलिमीटरच्या काडीवर ते ओबडधोबड दिसतात आणि सगळं प्रमाण बिघडतं. नासपतीचं लाकूड आणलं. रेषा जवळजवळ दिसत नाहीत, पटाशीला लोण्यासारखं. महाग आहे. त्यावर चर्चा नको.

ओकबद्दल लिहून ठेवते, कारण याच्याशिवाय सांधे कळत नाहीत. ही माणसं लाकूड वाळवत बसायची नाहीत. फूटभर जाडीची तुळई वाळायला दहाएक वर्षं जातील. तोडलेलं झाड वर्षभरात, बहुधा ओलंच, कामाला घ्यायचे. ओला ओक कापायला सोपा. मग चौकट उभी राहिल्यावर तो जागेवर वाळतो, रुंदीत आक्रसतो, पीळ खातो. जुन्या इंग्रजी घरांतल्या वाकड्या रेषा बघून पर्यटक "किती गोड" म्हणतात. त्यातला बराच वाकडेपणा पहिल्या काही वर्षांतच आलेला असतो.

आणि खुंटीची युक्ती. खांबाला खाच, आडव्या लाकडाला कुसू, दोन्हीतून आरपार भोक, त्यात ओकचीच खुंटी. खिळा नाही. पण दोन भोकं बरोबर समोरासमोर पाडायची नाहीत! कुसवातलं भोक त्याच्या खांद्याच्या, म्हणजे मुळाच्या, बाजूला किंचित सरकवून पाडायचं. निमुळती खुंटी ठोकली की ती वाकत आत शिरते आणि सांधा खेचून घट्ट बसवते. शिकंजा लागत नाही, सरस लागत नाही. चौकट वाळत गेली की पकड आणखी आवळते.

१:५० ला खुंटी अर्ध्या मिलिमीटरची. बांबूची काडी चिरून, पोलादी पट्टीतल्या लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढून काढली. सोनार तार ओढतो तीच पद्धत. बांबू मस्त ओढला जातो. भोक सरकवण्याची युक्ती या मापात चालणार नाही, सरळ भोकं आणि थेंबभर सरस. फक्त एक सांधा वेगळा पाचपट मोठा करणार आहे, पाहणाऱ्याला हाताने ठोकून बघता येईल असा.

२३ फेब्रुवारी

अण्णांना दुसरा धक्का: खांब उलटे. झाडाचा बुंध्याकडचा जाड भाग वर आणि शेंड्याकडचा खाली. त्यांच्या मिस्त्रीने त्यांना पहिल्या दिवशी शिकवलेलं की मूळ खाली, शेंडा वर, नाहीतर घर लाभत नाही.

इथे कारण अगदी कामाचं आहे. खांबाच्या डोक्यावर तीन लाकडं भेटतात: खांब स्वतः, भिंतीच्या माथ्यावरची लांब पट्टी आणि समोरच्या खांबापर्यंत जाणारी आडवी तुळई. प्रत्येकीचं कुसू वेगळ्या दिशेने. सगळ्यांना पुरेल इतकं मांस डोक्याशी हवं, आणि झाड बुंध्याशी फुगलेलं असतं. मग फुगीर बाजू वर. जुन्या इंग्रजी घरात खोलीच्या कोपऱ्यात खांब वर जाऊन रुंद होताना दिसला की समजायचं, झाड डोक्यावर उभं आहे.

"लाभलं का त्यांना?" अण्णा.

म्हटलं, पाचशे वर्षं उभं आहे.

"मग राहू दे."

२ मार्च

मजल्याचे सरे बसवले. इथे आजच्या अभियंत्याला खटकणारी गोष्ट: त्या काळी सरे आडवे, म्हणजे चपट्या बाजूवर ठेवायचे. आपण पट्टी उभी ठेवतो, कारण लाकडाची उभी जाडी वाढली की ताकद वाढते. त्यांच्याकडे ओक मुबलक होता, आणि चपटा सरा पीळ खाऊन लोळत नाही. उभे सरे पुढे सतराव्या शतकात रुळले, लाकूड महागल्यावर.

भाराचा अंदाज करून पाहिला. इंग्लंडात लोकरीच्या पोत्याचं कायद्याने ठरलेलं वजन ३६४ पौंड, म्हणजे सुमारे १६५ किलो. वरच्या मजल्यांवर लोकर आणि कापड साठवत असं सांगतात. दहा पोती एका खणात रचली की दीड टनाच्या वर गेलं. चपट्या सऱ्यांची ती दाट रांग उधळपट्टी वाटते खरी, पण पोती मांडल्यावर वाटेनाशी होते.

खण हा हिशेबही दोन्हीकडे सारखा निघाला. दोन चौकटींमधलं अंतर म्हणजे एक खण, आणि घर इतक्या खणांचं असं बोलायचं. अण्णांना यात काही नवल वाटलं नाही. "दुसरं कसं मोजणार?"

९ मार्च

चौकटींवर खुणा कोरल्या. ही माझी हौस नाही. प्रत्येक चौकट सुताराच्या आवारात जमिनीवर आडवी जुळवायचे, सांधे बसतात का बघायचे, मग सुटी करून गाडीने जागेवर न्यायचे आणि तिथे उभी करायचे. कुठलं कुसू कुठल्या खाचेत हे कळायला दोन्ही लाकडांवर एकच आकडा कोरलेला. आकडे रोमन, कारण सरळ रेघा पटाशीने पटकन पडतात. चार म्हणजे चार उभ्या रेघा, नऊ म्हणजे पाचाची खूण आणि चार रेघा. पाचातून एक वजा करण्याची पंतोजी पद्धत नाही. लाकूड कुठल्या बाजूने वाचलं जाईल याचा नेम नाही, त्यामुळे वजाबाकीचे आकडे घातक.

१६ मार्च

सुट्टीचा दिवस, म्हणून वूस्टरशरमधल्या ब्रेटफर्टनला जाऊन फ्लीस इन पाहिलं. एव्हशमच्या खोऱ्यातलं गाव, शतावरीच्या कोंबांसाठी प्रसिद्ध. हे इन जॉर्जच्या अगदी उलट टोकाचं. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्ड नावाच्या सधन शेतकऱ्याने बांधलेलं लांबट शेतघर. इन झालं थेट १८४८ मध्ये. त्यामुळे इथे कमान नाही, मोठं आवार नाही. स्वयंपाकघर, बैठक अशा घरगुती खोल्या, ठेंगण्या, एकीतून दुसरीत जाणाऱ्या. शेवटची मालकीण लोला टॅप्लिन, त्याच घराण्यातली. १९७७ मध्ये ती गेली आणि इन नॅशनल ट्रस्टला, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला, देऊन गेली.

चुलीसमोरच्या फरशीवर पांढऱ्या खडूची वर्तुळं आहेत. धुराड्यातून चेटकीण उतरू नये म्हणून. धुराडं ही घराची एकमेव कायम उघडी वाट, तेव्हा पहारा तिथेच. ही प्रथा फ्लीसपुरती नाही. इंग्लंडभर जुन्या तुळयांवर कंपासने काढलेली सहा पाकळ्यांची फुलं आणि मेणबत्तीने मुद्दाम केलेले जळके ठिपके सापडतात.

चेटकीण आली नाही, ठिणगी मात्र बाहेर गेली. २७ फेब्रुवारी २००४ ला धुराड्यातून उडालेल्या ठिणगीने गवताचं छप्पर पेटलं आणि वरचा भाग बराच जळाला. जून २००५ मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा उघडलं. आत बसल्यावर हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

मला तिथून एकच गोष्ट घ्यायची होती आणि ती मिळाली: मुद्दाम इन म्हणून बांधलेली इमारत आणि इन झालेलं घर यांतला फरक. घराला एक दार पुरतं. इनला पाहुणा, त्याचा घोडा, त्याचं सामान आणि रात्री त्यांतलं कोण कुठे आहे यावर लक्ष ठेवायला एक नाका, एवढं सगळं लागतं.

३० मार्च

भिंती भरल्या. चौकटीच्या मधल्या जागेत ओकच्या उभ्या काठ्या, त्यांत हेझल नावाच्या झुडपाच्या फांद्या विणलेल्या, त्यावर माती, चिरलेला पेंढा आणि शेण यांचा गारा दोन्ही बाजूंनी थापलेला, वरून चुन्याचा हात. म्हणजे आपला कूड. कोकणात कारवीचा, इथे हेझलचा. शेण तेच.

इथे एक दुखणं आहे आणि ते मला नोकरीतही रोज भेटतं. विसाव्या शतकात लोकांनी अशा भिंतींवर हौसेने सिमेंटचा गिलावा चढवला. चुना श्वास घेतो: भिंतीत शिरलेलं पाणी त्यातून परत उडून जातं. सिमेंट दार बंद करतं. पाणी गिलाव्याच्या बारीक चिरेतून आत येतं, बाहेर पडत नाही, आणि शेजारच्या ओकमध्ये मुरतं. बाहेरून भिंत टणक, आत खांबाचा पाय भुसा. एका जुन्या घराच्या मालकाने, कुठलं ते लिहीत नाही, सिमेंट काढायला सांगितल्यावर मला विचारलं, "पण ते मजबूत असतं ना?" असतं. म्हणूनच.

कवी आणि कारागीर विल्यम मॉरिसने आणि त्याच्या मित्रांनी १८७७ मध्ये जुन्या इमारती वाचवायची संस्था काढली तेव्हा त्यांचा रोख जीर्णोद्धाराच्या नावाने सगळं नवं करणाऱ्यांवर होता. दुरुस्ती करा, नटवू नका. दीडशे वर्षं होत आली, वाद तिथेच आहे.

प्रतिकृतीत एक खण अर्धाच लिंपला. विणलेल्या काड्या दिसू देत.

६ एप्रिल

ओरिएल खिडक्या. तीन खिडक्यांनी तीन संध्याकाळी खाल्ल्या, त्याबद्दल विशेष लिहिण्यासारखं नाही. शिशाच्या पट्ट्या म्हणून पारदर्शक पत्र्यावर सुईने रेघा ओढल्या आणि त्यांत करडा रंग पुसला. त्या काळी मोठी काच बनत नसे, म्हणून लहान तुकडे शिशाने जोडायचे. काच हीच श्रीमंती. १६९६ मध्ये सरकारने खिडक्यांवर कर बसवला, तो १८५१ पर्यंत होता. कर चुकवायला लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या. इंग्लंडच्या जुन्या गावांत आंधळ्या खिडक्या दिसतात, त्यांतल्या सगळ्या नव्हेत, पण पुष्कळशा त्यामुळे.

या खिडक्यांशी मॉनमथची गोष्ट जोडलेली आहे. जून १६८५. चार्ल्स दुसऱ्याचा अनौरस मुलगा मॉनमथचा ड्यूक राजा झालेल्या काका जेम्सविरुद्ध उठला, बाथने दार उघडलं नाही, तेव्हा माघार घेताना त्याने जॉर्जमध्ये तळ ठोकला. २७ जूनला गावाच्या कुंपणांच्या गल्ल्यांत चकमक झाली. तो खिडकीत उभा असताना कुणीतरी बक्षिसाच्या लोभाने गोळी झाडली आणि ती चुकली, असं गावात सांगतात. ६ जुलैला सेजमूरला त्याचा पराभव झाला, १५ ला डोकं उडवलं. मग न्यायाधीश जेफ्रीजची ती कुप्रसिद्ध कोर्टं. त्यांच्या निकालाने या गावात बारा माणसांना मारलं.

त्याआधी, १२ जून १६६८ ला, प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स बायको-नोकरांसह इथे जेवला. जेवण उत्तम, १० शिलिंग. शिवाय चर्चमध्ये जाऊन एकमेकींना जोडलेल्या जुळ्या बहिणींची कबर पाहिली आणि सहा घंटांचा सूर छान लागतो अशी नोंद केली. हिशेब, खाणं, नवल आणि संगीत, सगळं एका दिवसात. प्रवासवर्णन असं असावं.

१३ एप्रिल

काम नाही. पाहुणे. मुलांनी कमानीतून प्लॅस्टिकची मेंढी नेऊन पाहिली. गेली.

२० एप्रिल

मागची बाजू, म्हणजे माझ्या मते मुख्य बाजू.

मध्ययुगीन इनांचे अभ्यासक ढोबळमानाने दोन प्रकार मानतात. एकात चारी बाजूंनी खोल्या आणि मध्ये मोठा चौक, खोल्यांपुढे सज्जे. ग्लॉस्टरचं न्यू इन हे त्याचं ठळक उदाहरण, पंधराव्या शतकाच्या मध्यात तिथल्या मठाने यात्रेकरूंसाठी बांधलेलं. लंडनचं सदर्कमधलं जॉर्ज याच घाटाचं, पण ते १६७७ चं आणि सज्ज्यांची एकच बाजू उरलेली. दुसऱ्या प्रकारात रस्त्यालगतची मुख्य इमारतच देवडीसारखी उभी, मध्ये कमान, मागे आवार. ग्लास्टनबरीचं जॉर्ज असं, ग्रँथमचं एंजल असं. नॉर्टन बरंचसं या दुसऱ्या घरातलं, पण मागे आवारात सज्जा ठेवून पहिल्याचंही थोडं घेतलेलं.

कमानीतून आत शिरलं की डावी-उजवीकडे तळमजल्याच्या खोल्या, सरळ गेलं की आवार. मागच्या भिंतीला लागून जिन्याचा बुरूज, अनेक पैलूंचा, आत दगडी गोल जिना. जिना इमारतीच्या पोटात न ठेवता पाठीवर बसवल्यामुळे वरच्या मोठ्या खोल्या अखंड राहिल्या, खण वाया गेला नाही. आवाराच्या बाजूने लाकडी सज्जा, त्यातून एकेका खोलीत वेगळं दार. हा सज्जा म्हणजे मोठी सोय. त्याच्याशिवाय एका पाहुण्याच्या खोलीतून दुसऱ्याला जावं लागलं असतं, आणि मध्ययुगात ते सर्रास चालायचं. व्यापाऱ्याला मात्र आपल्या गठ्ठ्यांतून कुणी ये-जा केलेली चालणार नाही.

आता कमान बंद करून बघा. रात्री एक दार लावलं की घोडे, माल, माणसं सगळं आत आणि मालकाच्या नजरेखाली. सकाळी बिल न देता जायचं तरी त्याच दारातून. मौनी साधूंनी व्यवहार बरोबर ओळखला होता.

जिन्याच्या पायऱ्या पुठ्ठ्याच्या, एकावर एक फिरवत रचलेल्या. बुरुजाचे दोन पैलू काढता येतात, आत बॅटरीने बघता येतं.

४ मे

छप्पर. वरती दगडी कौलं. चुनखडीचे पातळ थर फोडून काढलेले तुकडे, प्रत्येकाला भोक, त्यात लाकडी खुंटी, खुंटी पट्टीवर अडकवलेली. तुकडे सारख्या मापाचे निघत नाहीत, म्हणून मापानुसार लावतात: मोठे खाली वळचणीला, वर आढ्याकडे जाताना लहान होत जाणारे. खाली पाणी जास्त वाहतं तिथे सांधे कमी, आणि खाणीतला लहान मालही वाया जात नाही. वजन आपल्या मंगलोरी कौलांपेक्षा कितीतरी जास्त. उतार उभा, आणि वाशांची रांग म्हणूनच दाट.

पुठ्ठ्याची कौलं कापताना एकच नियम पाळला: पट्टी लावून कापायचं नाही. हातानेच, थोडी वेडीवाकडी.

वाशांचं वय काढायची पद्धत इथे लिहून ठेवते, अण्णांनी विचारलेलं. ओकमधून पेन्सिलीएवढा गाभा काढायचा, वर्षवलयांची रुंदी मोजायची आणि त्या प्रदेशाच्या ज्ञात क्रमाशी जुळवायची. ओली-कोरडी वर्षं एखाद्या सहीसारखी उमटलेली असतात. साल टिकलेली असेल तर झाड तोडल्याचं वर्ष, कधी ऋतूसुद्धा. साल तासलेली असेल आणि सालीलगतच्या पांढऱ्या लाकडाची कडा तेवढी दिसत असेल तर अंदाज: इंग्लंडच्या ओकमध्ये पांढऱ्या लाकडाची वलयं साधारण ९ ते ४१ धरतात. आणि लाकूड ओलंच वापरलेलं असल्यामुळे तोडीचं वर्ष म्हणजे जवळपास बांधणीचं वर्ष. वाळवत बसले असते तर हा हिशेब इतका सरळ बसला नसता.

११ मे

रंगाचा वाद. भेटीला आलेल्या ज्यांना हे दाखवलं त्यांतल्या प्रत्येकाने विचारलं, "लाकूड काळं कधी करणार?" करणार नाही. पांढऱ्या भिंतीवर काळंभोर लाकूड ही जी इंग्लंडची छबी डोक्यात बसली आहे ती बरीचशी एकोणिसाव्या शतकाच्या हौसेची. डांबर, काळा रंग, आणि कुठे तर गिलाव्यावर नुसत्या रंगाने काढलेल्या खोट्या तुळया. त्याआधी लाकूड उघडं राहून रुपेरी करडं व्हायचं किंवा भिंतीबरोबर त्यावरही चुना फासला जायचा. नॉर्टनच्या लाकडाचा आजचा रंग कोळशाचा नाहीच. चहाचा पातळ हात आणि त्यावर करडी पूड, एवढ्यावर थांबले.

अण्णांचं मत: तेल लावायला हवं होतं.

२५ मे

जोडणी पूर्ण. गावातल्या सभागृहात महिनाभर ठेवायला मागितली आहे, म्हणून सुटी करून नेणार. तळमजल्याचा दगडी पेटारा एक, पहिला मजला दोन, दुसरा मजला छपरासकट तीन. चौकटींवरच्या रोमन खुणा कामाला आल्या. मांडणाऱ्यासाठी कागद लिहिला: चार उभ्या रेघा म्हणजे चार, बुरूज नेहमी मागच्या बाजूला, आणि प्रतिकृती टेबलाच्या कडेला ठेवा, भिंतीला टेकवून नको, नाहीतर आवार कुणालाच दिसणार नाही.

मोठा सांधा वेगळ्या पिशवीत, सोबत हातोडी आणि जास्तीच्या खुंट्या. मुलं ठोकणार, काही मोडणार. बांबू अजून शिल्लक आहे.